घरगुती एल: किण्वनाचे तापमान कसे सांभाळावे

वर्टमध्ये, म्हणजे माल्टपासून काढलेल्या गोड पाण्यात, यीस्ट टाकल्यापासूनचे पहिले तीन दिवस एलची, म्हणजे उबदार तापमानावर आंबवलेल्या बिअरची, चव बऱ्याच अंशी ठरवून टाकतात. यीस्टच्या पेशींची वाढ याच काळात होते, फळांचा वास देणारी एस्टर आणि घशाला चटका देणारी फ्यूजेल अल्कोहोल याच काळात तयार होतात, आणि नेमका याच काळात वर्ट स्वतःहून तापतो. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) यांच्या निवडीवर कित्येक दिवस खल करणारे लोक यीस्ट टाकून झाले की फर्मेंटर, म्हणजे किण्वनाचे भांडे, एखाद्या कोपऱ्यात ठेवून मोकळे होतात. त्या तीन दिवसांत वर्टवर लक्ष कसे ठेवावे, तो कशाने थंड राखावा आणि नंतर केव्हा गरम होऊ द्यावा, हे येथे क्रमाने दिले आहे. हिशेबासाठी २० लिटरचा आणि सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानाने घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५० असलेला घाणा गृहीत धरला आहे. घरी बिअर बनवण्याविषयीचे कायदे ठिकठिकाणी वेगळे असतात. ते आधी पाहून घ्यावेत.

वर्ट का तापतो

यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, तेव्हा उष्णता बाहेर पडते. एक किलो साखर आंबली की साधारण ५८० ते ५९० किलोजूल उष्णता निघते. आपल्या घाण्याची ग्रॅव्हिटी १.०५० वरून १.०१२ पर्यंत उतरली, तर सुमारे १.६ किलो साखर खर्ची पडते. म्हणजे एकंदर ९४० किलोजुलांच्या आसपास उष्णता निर्माण होते. यातला एक कणही बाहेर गेला नाही असे मानले, तर संपूर्ण वर्ट सुमारे ११ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या भिंतींतून निघून जाते, त्यामुळे ऐन भरातले किण्वन खोलीपेक्षा २ ते ४ अंशांनी गरम असते, आणि यीस्ट फारच जोमात असेल तर ५ अंशांनीही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. खोलीचे तापमान पाहून किण्वनाचे तापमान सांगता येत नाही; २१ अंशांच्या खोलीत ठेवलेला फर्मेंटर दुसऱ्या दिवशी २५ अंशांवर असू शकतो, आणि खोलीत शिरणाऱ्या माणसाला मात्र सारे काही ठीक वाटते. दुसरे असे की भांडे जितके मोठे, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि म्हणून उष्णता बाहेर पडायला वाव कमी. पाच लिटरच्या बरणीत बिनबोभाट पार पडलेली कृती २० लिटरला गेल्यावर अचानक तिखट लागू लागते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

कोणता आकडा धरावा

एलचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हे लागर या थंडाव्यात आंबवल्या जाणाऱ्या बिअरच्या यीस्टपेक्षा उबदार वातावरणात काम करते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या निरनिराळ्या वाणांत मात्र मोठा फरक आहे. स्वच्छ चवीच्या अमेरिकी पद्धतीच्या एलसाठी १७ ते १९ अंश आणि इंग्लिश वाणांसाठी १८ ते २० अंश ही सुरक्षित मर्यादा होय. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरमुळे येतो आणि तो हवाच असतो. तेथे १७ अंशांवर लवंगेसारखी छटा पुढे राहते, तर २२ कडे सरकल्यावर केळे पुढे येते. सेझाँ या बेल्जियन पद्धतीच्या बिअरची यीस्ट २४ ते ३० अंशांत खुलतात आणि त्यांतील काही थंडी लागताच मध्येच काम थांबवतात. नॉर्वेमधील शेतघरांत पिढ्यानपिढ्या जपलेली क्वाइक यीस्ट तर ३० ते ४० अंशांवरही स्वच्छ बिअर देतात.

पाकिटावर छापलेली मर्यादा बरीच रुंद असते. त्या संपूर्ण पट्ट्यात यीस्ट जिवंत राहून काम पुरे करील, एवढेच आश्वासन त्यात असते; पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चव सारखी येईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. नवीन वाण पहिल्यांदा वापरताना पट्ट्याच्या मधल्या आकड्यापेक्षा एक-दोन अंश खाली राहावे, असे माझे मत आहे. त्या एका घाण्याची चव लक्षात ठेवली की पुढच्या वेळी कोणत्या बाजूला सरकायचे ते आपोआप कळते.

खोली २८ ते ३० अंशांच्या खाली येतच नसेल आणि थंड करण्याचे साधनही नसेल, तर स्वच्छ अमेरिकी एलचा हट्ट धरू नये. सरळ क्वाइक किंवा उबदार सेझाँचे वाण निवडावे. यंत्राने थंडावा निर्माण करता येत नव्हता तेव्हा बिअरवाल्यांना ऋतूच पाळावा लागे. बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यावर बंदी घालण्यात आली होती, कारण उन्हाळ्यातली बिअर हमखास बिघडे. आपल्यापुढे निदान वाण बदलण्याचा पर्याय तरी आहे.

पहिले पाऊल: थर्मामीटर तपासून घेणे आणि योग्य जागी लावणे

थर्मामीटर एका अंशाने चुकत असेल, तर पुढची सारी खटपट त्या चुकीवर उभी राहते. पेला बारीक कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरावा, बर्फाच्या फटी भरतील एवढेच थंड पाणी त्यात ओतावे, नीट ढवळून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग थर्मामीटरचे टोक पेल्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता मध्यभागी धरावे. आकडा ० यायला हवा. ०.८ आला, तर तो फरक तापमान राखणाऱ्या कंट्रोलरमध्ये भरावा किंवा निदान चिठ्ठीवर लिहून साधनाला चिकटवावा. उकळत्या पाण्याने तपासणी करण्याची पद्धत येथे फारशी उपयोगी नाही, कारण उंचीनुसार उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो आणि आपल्याला हवा असलेला १५ ते २५ चा पट्टा त्या टोकापासून फार दूर आहे.

तापमान तीन ठिकाणी मोजता येते. भांड्याच्या आत उतरणारी बंद नळी, म्हणजे थर्मोवेल, असेल तर तिच्यातला आकडा सर्वांत खरा. ती नसेल, तर सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवावा, आणि हे काम जरा निगुतीने करावे. वर्टच्या पातळीच्या साधारण निम्म्या उंचीवर भिंत पुसून कोरडी करावी, सेन्सरचे धातूचे टोक आडवे टेकवून चिकटपट्टीने घट्ट बसवावे, त्यावर तळहाताएवढा आणि निदान दोन सेंटिमीटर जाडीचा फोमचा तुकडा ठेवावा, आणि मग भांड्याभोवती पट्टा आवळून तो तुकडा दाबून बसवावा. फोम नसेल तर सेन्सर अर्धे वर्टचे आणि अर्धे बाहेरच्या हवेचे तापमान सांगत राहतो. फोम नीट बसला असेल, तर भिंतीवरचा आकडा आतल्या आकड्यापासून अर्ध्या अंशापेक्षा अधिक ढळत नाही. रंग बदलणारी चिकटपट्टी चालेल, मात्र तिच्यात एक अंश इकडेतिकडे होणार हे गृहीत धरावे.

तिसरी जागा हवेची. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही: फ्रिजचे दार उघडले की कंट्रोलर धावतो, आणि आतला वर्ट मात्र तापतच राहतो.

दुसरे पाऊल: यीस्ट टाकण्याआधी वर्ट पुरता थंड करणे

वर्ट २४-२५ अंशांवर असतानाच यीस्ट टाकून द्यायचे आणि रात्रभरात तो खाली येईल असे म्हणायचे, हा सर्रास आढळणारा प्रकार आहे. पण २० लिटर द्रव हवेत ठेवून सहा-सात अंशांनी थंड व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात यीस्ट जागे होऊन स्वतःची उष्णता ओतू लागते, आणि पेशींची वाढ नेमकी सर्वांत गरम तासांत होते. वाढ जितकी गरम, तितकी एस्टर आणि फ्यूजेल अधिक; पुढे तापमान उतरवले तरी तयार झालेली फ्यूजेल परत जात नाहीत.

म्हणून ठरवलेल्या आकड्यापेक्षा एक अंश खालीच, म्हणजे १८ वर किण्वन करायचे असेल तर १७ वर, वर्ट आणावा आणि मगच यीस्ट टाकावे. नळाचे पाणी कोमट असल्यामुळे त्यावर चालणारा चिलर (उकळलेला वर्ट थंड करणारे साधन) २६ अंशांवरच अडकत असेल, तर झाकण लावलेला निर्जंतुक फर्मेंटर थंड पाण्याच्या टबात किंवा फ्रिजमध्ये काही तास ठेवावा. भांडे स्वच्छ आणि बंद असेल तर एका रात्रीच्या थांबण्याने बिघडत काही नाही. घाईने मात्र नक्की बिघडते.

सुके यीस्ट पाण्यात भिजवून वापरायचे असेल, तर ते सहसा २५ ते ३० अंशांच्या पाण्यात भिजवतात. ते द्रावण थेट १७ अंशांच्या वर्टमध्ये ओतू नये. दर पाच-सात मिनिटांनी त्यात थोडा थोडा थंड वर्ट मिसळून दोघांतला फरक पाचएक अंशांवर आणावा. यीस्टचे प्रमाणही तापमानाशी जोडलेले आहे. एलसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशामागे (वर्टमधील साखरेच्या दर एक टक्क्यामागे), सुमारे ७.५ लाख पेशी हा रूढ आकडा आहे आणि आपल्या घाण्याला ११ ग्रॅमच्या आसपासचे सुक्या यीस्टचे एक ताजे पाकीट पुरते. यीस्ट फार कमी पडले, तर सुरुवात रेंगाळते, वाढ अधिक व्हावी लागते, आणि अचूक तापमान राखूनही चव हवी तशी उतरत नाही.

तिसरे पाऊल: फ्रिज नसताना थंडावा

दोन साध्या पद्धती आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध तत्त्वावर चालतात: एकीला खेळती हवा लागते, दुसरीला बाहेरच्या हवेपासून आडोसा. हे न ओळखता दोन्ही एकत्र करणाऱ्यांची निराशा होते.

पहिली पद्धत बाष्पीभवनाची. फर्मेंटर पाण्याच्या पसरट टबात ठेवावा, त्याला सुती कापड किंवा जुना टीशर्ट असा घालावा की खालची कड पाण्यात बुडून राहील, आणि समोरून पंखा लावावा. कापड पाणी वर ओढत राहते, पंखा ते उडवतो आणि उडणारे पाणी उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी पूर्णपणे उडून जाताना सुमारे २,४५० किलोजूल उष्णता शोषते, म्हणजे आपल्या संपूर्ण किण्वनाच्या उष्णतेच्या अडीचपटीहून अधिक. त्यातली बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेतून येते, फर्मेंटरच्या वाट्याला त्यातला काही भाग येतो. तरीही कोरड्या हवेत खोलीपेक्षा ४ ते ६ अंश खाली राहणे जमते. हवा दमट असेल तर मात्र ही युक्ती जवळजवळ निकामी ठरते, कारण पाणी उडतच नाही. ती चालेल की नाही याची परीक्षा आधीच घेता येते: थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्यासमोर दहा मिनिटे धरावा. तेथे जो आकडा स्थिरावेल, त्याच्या खाली या पद्धतीने कधीही जाता येणार नाही.

दुसरी पद्धत बर्फाची. येथे फर्मेंटर उष्णतारोधक पेटीत किंवा फोमने चहूबाजूंनी मढवलेल्या टबात ठेवायचा आणि आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडायच्या. उणे १८ अंशांवर गोठलेली एक लिटरची बाटली वितळून १८ अंशांवर येईपर्यंत सुमारे ४५० किलोजूल शोषते. टबात २० लिटर पाणी आणि फर्मेंटरमध्ये २० लिटर वर्ट असेल, तर एका बाटलीने दोन्ही मिळून जास्तीत जास्त अडीच अंशांनी उतरतील. यीस्टची उष्णता मोजली तर दोन-तीन बाटल्यांत संपूर्ण किण्वन निभावून जावे असे वाटते, आणि नेमके येथेच सगळे फसतात. ऐन भरातही यीस्टमधून पाच ते दहा वॅट एवढीच उष्णता येते. उघडा टब २८ अंशांच्या खोलीत १८ अंशांवर राखायचा म्हटला, तर त्याच्या भिंतींतून आणि पाण्याच्या पृष्ठभागातून ६० ते ७० वॅट आत शिरतात. म्हणजे आपण आणलेला बर्फ बहुतांशी खोली थंड करण्यात जातो. त्याच टबाला दोन सेंटिमीटरचा फोम आणि वरून झाकण दिले, की ही आवक १५ वॅटच्या आसपास येते आणि दिवसाला चार-पाच बाटल्यांत काम भागते. बर्फ वाढवण्याआधी फोम वाढवावा.

बाटल्या बदलण्याच्या वेळा ठरवून घ्याव्यात: सकाळी दोन, रात्री झोपण्याआधी दोन, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक. बाटली टाकल्यावर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाहत बसण्यात अर्थ नाही. पाणी लवकर थंड होते, पण भांड्याच्या भिंतीपलीकडचा वर्ट तासा-दोन तासांनी त्याच्या मागून येतो, आणि आकडा हलत नाही म्हणून घाईने आणखी दोन बाटल्या टाकल्या की मध्यरात्री तो १५ वर जाऊन यीस्ट तळाशी बसते. फर्मेंटर काचेचा असेल, तर बर्फाच्या पाण्यात तो एकदम कधीही ठेवू नये. तापमानाच्या झटक्याने काच तडकते.

फ्रिज आणि कंट्रोलर

जुना फ्रिज आणि बाहेरून जोडायचा दुहेरी कंट्रोलर, ज्याला एक जोडणी थंड करण्यासाठी आणि दुसरी गरम करण्यासाठी असते, ही घरगुती एलसाठी सर्वांत भरवशाची व्यवस्था आहे. नवी उपकरणे विकत घेण्याचा विचार असेल, तर मोठ्या पातेल्याआधी आणि धान्य दळण्याच्या यंत्राआधी पैसे येथे घालावेत.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंड खुणेवर ठेवावा, म्हणजे वीज केव्हा चालू आणि केव्हा बंद हे फक्त कंट्रोलर ठरवील. कंट्रोलरमध्ये इष्ट तापमान १८, फरक (त्या आकड्यापासून किती ढळल्यावर यंत्र सुरू व्हावे तो) ०.५ अंश आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वीची विश्रांती निदान पाच मिनिटे भरावी. ही विश्रांती नसेल तर कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होऊन लवकर निकामी होतो. गरम करण्याच्या बाजूचा फरक थोडा अधिक, म्हणजे १ अंश, ठेवावा. दोन्ही फरक अगदी कमी ठेवले तर फ्रिज थंड करतो, वर्ट जरा खाली जातो, लगेच हीटर सुरू होतो, आणि दोघे रात्रभर एकमेकांशी झगडत वीज जाळतात.

आणखी काही बारकावे आहेत. भरलेला फर्मेंटर २३ ते २५ किलोचा असतो आणि फ्रिजची काचेची फळी तेवढे वजन पेलेलच असे नाही, म्हणून खाली जाड प्लायवुडचा तुकडा घालावा. बंद फ्रिजमध्ये ओल साचून बुरशी धरते. ओलावा शोषणारी पुडी ठेवावी आणि प्रत्येक घाण्यानंतर आतून पुसून घ्यावे. आपल्या घाण्यातून साधारण ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून दार उघडताच आत डोके घालू नये, आणि फ्रिज एखाद्या कोंदट, बिनखिडकीच्या जागेत ठेवू नये.

थंड जागेत प्रश्न उलटा असतो. तेथे भांड्याच्या कमरेला बांधायचा हीटिंग बेल्ट किंवा बाजूला लावायची चटई पुरते. २५ ते ३० वॅट भरपूर झाले. हीटर सेन्सरच्या अगदी शेजारी नसावा, आणि कंट्रोलरशिवाय तो रात्रभर चालू ठेवू नये.

दिवसागणिक वेळापत्रक

यीस्ट १७ अंशांवर टाकल्यावर ६ ते २४ तासांत एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतून, बुडबुडे दिसू लागतात. या शांततेच्या काळात काहीजण घाबरून तापमान वाढवतात. ते करू नये. वर्ट आपला आपण १८ वर येऊ द्यावा आणि तेथे पकडून ठेवावा. दुसऱ्या दिवशी फेसाचा जाड थर, म्हणजे क्राउसेन, वर चढतो. हीच वेळ सर्वाधिक उष्णतेची असते, म्हणून थंडाव्याची सारी तयारी या दिवसापूर्वी झालेली असावी. तिसऱ्या दिवसाअखेरपर्यंत १८ चा आकडा अर्ध्या अंशापेक्षा अधिक हलू न देणे, एवढेच या टप्प्याचे काम आहे. अचूक १८ की १९ यापेक्षा तो स्थिर राहणे महत्त्वाचे, कारण दिवसा २२ आणि रात्री १६ अशा हेलकाव्यांनी यीस्ट कधी घाई करते तर कधी बसून जाते.

चौथ्या दिवसाच्या सुमारास फेस ओसरू लागतो आणि ग्रॅव्हिटी १.०२० च्या जवळ येते. आता थंडावा सैल सोडण्याची वेळ आली. उष्णतेचे उत्पादन घटल्यामुळे वर्ट आपोआप थंड होऊ पाहतो, आणि नेमके तेच येथे नको असते. दिवसाला एक अंश या गतीने तापमान २० ते २१ वर न्यावे. चव ठरवणारी वाढ संपलेली असल्यामुळे या उबेने नवीन एस्टर फारसे तयार होत नाहीत. उलट उरलेली साखर संपते, हिरव्या सफरचंदाचा वास देणारे ॲसिटाल्डिहाइड आणि लोण्याचा वास देणारे डायॲसेटिल यीस्ट परत खाऊन टाकते. पहिल्या तीन दिवसांची शिस्त पाळणारे अनेकजण शेवटची ही ऊब विसरतात आणि लोण्याच्या वासाची बिअर बाटल्यांत भरतात.

ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवसांच्या अंतराने सारखीच आली, की किण्वन संपले असे मानावे. एअरलॉकच्या बुडबुड्यांवर भिस्त ठेवू नये: झाकण सैल असेल तर बुडबुडे येतच नाहीत, आणि खोली तापली की किण्वन संपल्यावरही येतात. ग्रॅव्हिटी मोजणारे बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर प्रमाणित असतात, त्यामुळे नमुना त्या तापमानाला आणूनच वाचावा.

डायॲसेटिल खरोखर गेले का, हे नाकाने तपासता येते. दोन लहान पेल्यांत प्रत्येकी अर्धा कप बिअर घेऊन दोन्ही झाकाव्यात. एक पेला ६० ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावा, दुसरा तसाच राहू द्यावा. मग गरम केलेला पेला दुसऱ्याएवढाच थंड करून दोन्ही पाठोपाठ हुंगावेत. दोन्हींत लोण्याचा वास नसेल, तर पुढे जावे. फक्त गरम केलेल्या पेल्यात तो आला, तर डायॲसेटिल अजून तयार झालेले नाही, पण त्याचे पूर्वरूप बिअरमध्ये शिल्लक आहे; अशी बिअर आज स्वच्छ लागली तरी बाटलीत गेल्यावर बिघडेल. दोन्हींत वास असेल तरीही उपाय एकच: २१ अंशांवर आणखी दोन दिवस थांबून चाचणी पुन्हा करावी.

काही बिनसले तर

पहिल्या रात्रीच तापमान २५-२६ वर गेलेले आढळले, तर ते एका झटक्यात १७ वर आणण्याचा मोह टाळावा. ऐन जोमातल्या यीस्टला पाच-सहा अंशांचा अचानक झटका बसला, तर ते गोळा होऊन तळाशी बसते आणि मग तिखट चवीच्या जोडीला अर्धवट किण्वनही पदरी पडते. बारा तासांत दोन-तीन अंश या गतीने खाली यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रकार लक्षात आला, तर थंड करण्यातून फारसे हाती लागत नाही. स्थिर ठेवून किण्वन संपू द्यावे आणि बिअरला बाटलीत काही आठवडे अधिक द्यावेत. एस्टरचा भडकपणा काळाने थोडा मावळतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा तीव्र वास मात्र सहसा जात नाही.

किण्वन १.०२५ च्या आसपास अडले आणि वर्ट १६ अंशांच्या खाली गेलेला असेल, तर आधी तो २० ते २१ वर आणावा, मग फर्मेंटर हलक्या हाताने गोल फिरवून तळाचे यीस्ट वर उठवावे. झाकण उघडून ढवळू नये, कारण या टप्प्यावर शिरलेली हवा बिअरला शिळकट, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणते. तीन दिवस वाट पाहूनही ग्रॅव्हिटी हलली नाही, तरच नव्या, जोमात आलेल्या यीस्टचा विचार करावा.

शेवटचा थंडावा आणि बाटल्या

बिअर नितळ हवी असेल, तर किण्वन संपल्यावर ती १ ते ४ अंशांवर दोन दिवस ठेवतात. या थंडीत भांड्यातली हवा आकुंचन पावते, शिवाय काही कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळतो, आणि एअरलॉकमधले पाणी व त्यामागून बाहेरची हवा आत ओढली जाते. एअरलॉकच्या जागी किण्वनाच्याच वायूने भरलेला स्वच्छ फुगा लावला, तर आत जाते ते कार्बन डायऑक्साइडच. हॉप्स भरपूर असलेल्या एलला हवेचा सर्वाधिक त्रास होतो. फुग्याची सोय नसेल, तर अशा बिअरला मी हा थंडावा देणार नाही, थोडी गढूळ राहिली तरी चालेल.

बाटलीत घालायच्या साखरेचे गणितही तापमानावरच चालते. किण्वनानंतर बिअरमध्ये किती वायू मुरलेला आहे, हे किण्वन संपल्यानंतर ती जास्तीत जास्त ज्या तापमानावर राहिली त्यावरून ठरते, नंतरच्या थंडाव्यावरून ठरत नाही. २१ अंशांची ऊब देऊन २ अंशांवर थंड केलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ आकारमान, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या ०.८५ पट, वायू असतो. २.३ आकारमान हवे असेल, तर २० लिटरला ११५ ग्रॅमच्या आसपास साधी साखर लागते. कॅल्क्युलेटरमध्ये चुकून २ अंश भरले, तर तो ५५ ग्रॅम सांगतो आणि बिअर पचपचीत निघते.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे २० ते २२ अंशांवर, उजेडापासून दूर ठेवाव्यात. जागा १५ अंशांची असेल तर वायू धरायला बराच अधिक वेळ लागतो. तेवढ्यावरून साखर कमी पडली असे समजून बाटल्या उघडू नयेत. पहिल्या आठवड्यानंतर एक बाटली दिवसभर फ्रिजमध्ये ठेवून उघडून पाहावी. तिच्यात आताच वायू जोरात असेल, तर किण्वन भांड्यातच पुरे झाले नव्हते अशी दाट शक्यता आहे. तेव्हा उरलेल्या बाटल्या जाड खोक्यात घालून लगेच थंड जागी हलवाव्यात आणि त्यांना हात लावताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.